डोळे बारीक करून

भाऊजींनी गोधडी परत आणून दिली ती वर्तमानपत्रात गुंडाळून. घरच्या माणसाने घरचीच वस्तू घरी परत करताना तिला कागद गुंडाळला, तेव्हाच वहिनींच्या मनात पाल चुकचुकली होती. त्यांनी दोरी सोडली, कागद बाजूला केला आणि गोधडी पलंगावर पसरली.

मधोमध तपकिरी रंगाचं एक तळं होतं. तळ्याच्या काठाने निळे शिंतोडे उडाले होते. आणि एका कोपऱ्यात ब्रश पुसल्याचे पट्टे होते, इतके व्यवस्थित की पुसणाऱ्याने रोज आठवणीने तोच कोपरा वापरला असणार.

"ही तुम्ही पाहायला नेली होती," वहिनी म्हणाल्या.

"पाहिलीच की. मग चित्र झाल्यावर स्टुडिओत खाली अंथरली. फरशी फार गार पडते हो," भाऊजी म्हणाले. मग गोधडीकडे मान वाकडी करून पाहत त्यांनी जोडलं, "उलट आता ती जिवंत झालीय, वहिनी. आता तिच्यात काम दिसतं."

ती गोधडी वहिनींच्या आईच्या कपड्यांची होती. आई गेल्यावर तिचे कपडे कोणाला देववेनात, म्हणून वहिनींनी ते कापून, जोडून, धावदोऱ्याने एकमेकांत मुरवून टाकले होते. आईच्या निळ्या लुगड्याचा तुकडा बरोबर उशाशी येईल अशी ती रचना होती. भाऊजींनी ती रचना चौकोनाला चौकोन अशी कॅनव्हासवर उतरवली, तिला 'ऊब' असं नाव दिलं, खाली मोठ्या अक्षरांत सही केली आणि बक्षीस मिळवलं.

आपल्या वहिनी म्हणजे कोणी गरीब बिचाऱ्या बाई नव्हत्या. शाळेत भूमिती शिकवायच्या, आणि त्यांच्या नुसत्या वळून पाहण्याने मागच्या बाकावरचे कर्कटक खाली पडत. गोधड्यांच्या बाबतीत त्या गर्विष्ठ होत्या. दुसऱ्या कोणाची गोधडी पाहिली की "उबदार असेल" एवढंच म्हणायच्या. एखाद्या कवीला "अक्षर छान आहे" म्हणण्यातला तो प्रकार.

"बघा हो, काय केलंय," त्यांनी नवऱ्याला बोलावून दाखवलं.

नवऱ्याला सगळं जग दादा म्हणायचं, कारण धाकटा भाऊ म्हणायचा. दादांचं घराखालीच चष्म्यांचं दुकान होतं. लोकांना स्वच्छ दिसावं यासाठी दिवसभर झटायचं आणि जिना चढून वर आलं की डोळेझाक करायची, असा त्यांचा जोडधंदा होता. त्यांनी डाग पाहिले, एक डाग नखाने खरवडून पाहिला.

"जाऊ दे गं. घरातलंच आहे."

भाऊजींनी लहानपणी शेजाऱ्यांची काच फोडली, तेव्हा दादांनी "मी फोडली" म्हणून मार खाल्ला होता. तेव्हापासून त्यांनी धाकट्याच्या भानगडींवर इतकं पांघरूण घातलं होतं, की या घरात खरा गोधड्यांचा कारखाना दादाच चालवतात असं वहिनींचं मत होतं.

तरीही कदाचित डाग धुता धुता राग निवळला असता. डाग निघाले नाहीत. भाऊजी रंग उत्तम प्रतीचे वापरत, तेवढं कबूल करायला हवं. आणि त्याच आठवड्यात त्यांचा सत्कार होता.

सत्काराला जाण्यापूर्वी भाऊजींच्या सदऱ्याचं बटण तुटलं. ते वहिनींनी, तो सदरा भाऊजींच्या अंगावर असतानाच, लावून दिलं. सुई छातीपासून बोटभर अंतरावर होती. पुढे कित्येकदा त्यांना त्या संधीची आठवण झाली.

व्यासपीठावर कोणीतरी विचारलं, की ही कल्पना सुचली कशी. भाऊजींनी डोळे मिटले, दाढी कुरवाळली आणि म्हणाले, "एका अनाम गृहिणीच्या हातची एक गोधडी मला एका बोचक्यात सापडली. तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, तिने काय केलंय ते."

टाळ्या झाल्या. दादांनीही वाजवल्या. बायकोकडे लक्ष गेल्यावर त्यांनी हात खिशात घातले.

घरी परतताना गाडीत वहिनी पुढच्या सीटकडे पाहत म्हणाल्या, "भाऊजी, हे अनाम कोण?"

"अहो वहिनी, ती बोलण्याची पद्धत असते."

"बटण लावायला हाक मारलीत तेव्हा बरी आठवली मी."

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका. हा कलेतला मूलभूत फरक आहे. चित्र पाहायचं असतं, गोधडी पांघरायची असते. आणि पांघरताना काय करतो आपण? डोळे मिटतो." आपलं वाक्य आपल्यालाच आवडून भाऊजींनी दाढी कुरवाळली.

वहिनींनी ते वाक्य नीट घडी घालून मनात ठेवून दिलं. आरडाओरडा करणाऱ्याचा राग संध्याकाळपर्यंत टिकतो. वहिनी शिवणाऱ्या होत्या. त्यांचा राग टाक्याटाक्याने पुढे सरकायचा, आणि उलट्या बाजूने पाहिलं तरी सारखाच दिसायचा.

लग्न होऊन त्या नव्याने या घरात आल्या तेव्हा भाऊजी चित्रकला शिकत होते. त्या काळात ते खरोखर चित्रं काढत. खिडकीतला माठ काढत, झोपलेल्या दादांचे पाय काढत, आणि दिसेल त्याला शिकवत. "वहिनी, असं नाही पाहायचं. लांब उभ्या राहा. आता डोळे बारीक करा. रंग विसरा. लाल-निळं काही नाही, फक्त उजेड कुठाय आणि अंधार कुठाय ते बघा. चित्र तिथे असतं." वहिनींनी डोळे बारीक केले होते, आणि खरोखरच खिडकी, माठ, भिंत सगळं विरघळून नुसते उजेडाचे आणि अंधाराचे तुकडे उरले होते. त्या दिवसापासून त्या कापड निवडताना डोळे बारीक करायच्या. त्यांच्या गोधड्यांत जे काही होतं, ते तिथून आलं होतं. भाऊजींनी मात्र पुढे लांब उभं राहणं सोडलं. मागे पाच पावलं जाण्यापेक्षा वहिनींच्या कपाटापर्यंत जाणं त्यांना सोयीचं पडू लागलं.

असे काही महिने गेले आणि एक दिवस भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी, सध्या काही चाललंय का?"

चहा आहे का, असं विचारावं तितक्या सहज.

डोळ्यांचं नवं सरकारी हॉस्पिटल उभं राहत होतं. त्याच्या प्रवेशाच्या दालनातली भलीमोठी भिंत रंगवायचं काम दादांच्या ओळखीने भाऊजींना मिळालं होतं. भिंत दोन मजले उंच होती आणि भाऊजींच्या डोक्यात एका मजल्याचीसुद्धा कल्पना नव्हती.

"चाललंय," वहिनी म्हणाल्या. "पण अजून जोडलेली नाही. चार भाग आहेत. एकेक होईल तसा देईन."

"तुम्ही मनावर घेतलं नाहीत ना मागचं?"

"छे! घरातलंच तर आहे."

आतल्या खोलीत दादांनी सुटकेचा श्वास सोडल्याचं बाहेरपर्यंत ऐकू आलं.

खरं म्हणजे तोवर काहीही चाललेलं नव्हतं. वहिनी शाळा सुटल्यावर दुकानात दादांच्या मदतीला बसायच्या. डॉक्टरांकडून येणारी माणसं त्या रोज पाहायच्या. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब डोळ्यांत घातलेली, चष्मा हातात धरलेली, भिंतीला चाचपत येणारी. एका गृहस्थांनी तर खुंटीवरच्या कोटाला वाकून नमस्कार केला होता आणि प्रकृतीची चौकशीही केली होती. या लोकांना बारकावे दिसत नाहीत. कडा दिसत नाहीत. उजेड आणि अंधार तेवढा दिसतो. म्हणजे, वहिनींच्या लक्षात आलं, भाऊजींच्या त्या भिंतीसमोर दिवसभर, बाकांवर रांगेने, अशी माणसं बसणार आहेत ज्यांचे डोळे सरकारी खर्चाने बारीक केलेले आहेत.

त्या संध्याकाळी वहिनी इतक्या प्रसन्न दिसत होत्या, की दादांनी त्यांना बरं वाटत नाही का म्हणून विचारलं.

आता भाऊजींच्या नाकाविषयी सांगायला हवं. ते बाकदार होतं, टोकाशी खाली वळलेलं, आणि शाळेत त्यांना सगळे 'पोपट' म्हणायचे. हे नाव त्यांच्या इतकं जिव्हारी लागे, की मोठेपणी त्यांनी दाढी वाढवली. दाढीने नाक लपतं असा त्यांचा समज होता. घरात तो शब्द उच्चारायला बंदी होती.

वहिनींनी पोपट शिवायला घेतला.

हिरवा एकही तुकडा घेतला नाही. किरमिजी, जांभळा, विटकरी, राखी, जवसाच्या फुलासारखा निळा, असे एकमेकांशी भांडणारे रंग शेजारी शेजारी बसवले, म्हणजे जवळून पाहणाऱ्याचा डोळा रंगांच्या भांडणातच अडकून पडावा. पण प्रत्येक तुकड्याचा उजळपणा मोजून मापून घेतला. पंखाच्या अंधारातला विटकरी आणि जांभळा, दोन्ही सारखेच काळोखे. छातीवरचा पिवळा आणि गुलाबी, दोन्ही सारखेच उजळ. पडताळा घ्यायला त्यांनी दुकानातून सगळ्यांत जाड भिंगांचा चष्मा वर आणला. तो लावून त्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहत.

"अगं, हा चष्मा तुझा नाही," दादा म्हणाले. "यातून तुला काहीच दिसणार नाही."

"मला यातूनच दिसतं."

दादांनी बायकोकडे पाहिलं, पलंगावर पसरलेल्या तुकड्यांकडे पाहिलं, आणि दुकानात काहीतरी विसरल्यासारखं करून खाली निघून गेले.

पहिला भाग दिला. भाऊजींनी तो टेबलावर पसरला, नाक टेकेल इतक्या जवळून फोटो काढले आणि "वा, काय धाडस आहे" म्हणाले. दुसरा दिला, तिसरा दिला. प्रत्येक भागात पोपटाचा पाव हिस्सा होता, आणि पाव पोपट हा कोणालाच पोपट वाटत नाही. भिंतीवर परांची चढली, भाऊजींनी आखणी करून दिली आणि रंगारी चौकोनामागून चौकोन भरत गेले. परांचीवर उभ्या माणसाला भिंत हातभर अंतरावरून दिसते. समोर धुळीसाठी मोठा पडदा टांगला होता. खालून कोणी पाहीन म्हटलं तरी पडदाच दिसायचा.

चौथा भाग पाहताना मात्र भाऊजी थबकले.

"ही तिरकी फिकट पट्टी काय आहे? ही खटकते. ही काढून टाकतो."

ती पट्टी म्हणजे त्यांच्या लेखी सगळ्या चित्राचा प्राण होता. त्यांनी तोंड जमेल तेवढं पडेल केलं.

"काढाच. तिथे चुकलंच माझं. मलाही उसवावंसं वाटत होतं."

भाऊजींची मान लगेच वाकडी झाली. "थांबा, थांबा. चूक आहे ना? मग राहू द्या. चुकीतच तर जीव असतो. हे तुम्हाला नाही कळायचं."

"मला कुठलं कळायला," वहिनी म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या. स्वयंपाकघरात त्यांना एकटीलाच इतकं हसू आलं, की दूध उतू गेलं.

उद्घाटनाच्या दिवशी समोर पाहुण्यांच्या खुर्च्या होत्या. मागच्या बाकांवर नेहमीचे रुग्ण होते, कारण डोळ्यांना उद्घाटन कळत नाही. पाहुण्यांत हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरीणबाई होत्या आणि एक समीक्षक होते. भाऊजी भिंतीला पाठ करून, अगदी तिच्या पायथ्याशी, दादांनी करून दिलेला नवा चष्मा लावून उभे होते. दोरी ओढली आणि पडदा सळसळत खाली आला. पांघरूण निघालं, वहिनींच्या मनात आलं.

टाळ्या झाल्या. समीक्षक उठले.

"ही भिंत काहीच सांगत नाही," ते म्हणाले, "आणि म्हणूनच ती सगळं सांगते. इथे आकाराला नकार आहे. इथे ओळख पटेल असं काहीही..."

"अगं बाई!" मागच्या बाकावरून एक म्हातारा, खणखणीत आवाज आला. "केवढा पोपट काढलाय!"

"आई, गप्प बस," शेजारची मुलगी कुजबुजली. "नुसते चौकोन आहेत ते."

"चौकोन तुझ्या डोळ्यांत. चांगला ढळढळीत पोपट आहे. ही चोच, हा डोळा."

"मलाही दिसतोय," पलीकडचे एक गृहस्थ म्हणाले. "मी म्हटलं थेंबांमुळे होतंय."

"मला शेपूट दिसतेय," तिसऱ्याने भर घातली.

बघता बघता बाकांवर पोपटाची एकच चर्चा सुरू झाली. खुर्च्यांवरचे लोक एकमेकांकडे पाहू लागले. कोणीतरी चष्मा काढला आणि "अरेच्चा!" म्हणालं. मग पटापट सगळे चष्मे उतरले. समीक्षकांनीही काढला, आणि घाईघाईने परत लावला. डॉक्टरीणबाईंनी डोळे बारीक केले आणि पदर नसल्यामुळे तोंडावर फाइल धरली.

"पोपट झाला की हो!" कोणीतरी म्हणालं, आणि मग दालनात जो हशा उसळला तो काही आवरेना.

भाऊजी वळून भिंतीकडे पाहत होते. स्वच्छ चष्म्यातून त्यांना एकेक चौकोन लख्ख दिसत होता. त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला. वहिनी तिसऱ्या रांगेत हातावर हात ठेवून बसल्या होत्या. आईचं निळं लुगडं, ते तपकिरी तळं, तो ब्रश पुसलेला कोपरा, सगळं त्यांना त्या क्षणी आठवलं आणि फार बरं वाटलं.

पण भाऊजी काही काल जन्मलेले नव्हते. त्यांनी दोन्ही हात वर केले.

"अखेर!" ते म्हणाले. "अखेर कोणालातरी दिसलं. मी याचीच वाट पाहत होतो. मित्रहो, डोळ्यांच्या हॉस्पिटलसाठी मी असं चित्र केलं, जे डोळसांना दिसणार नाही. ते फक्त त्यांच्यासाठी आहे, ज्यांना नीट दिसत नाही!"

मघापेक्षा दुप्पट टाळ्या पडल्या. समीक्षक उभे राहून वाजवू लागले. बाकांवरच्या म्हातारीने डोळे पुसले, अर्थात थेंब ओघळत होते म्हणून.

महिनोन्महिने बोटं सोलून शिवलेला सूड, आणि हा माणूस तोसुद्धा ढापून, खाली सही करून मोकळा झाला. शेजारी दादा टाळ्या वाजवू की नको अशा बेतात हात अर्धे वर धरून बसले होते.

वहिनी उभ्या राहिल्या.

"एक शंका आहे," त्या म्हणाल्या. आवाज वर्गातला होता. टाळ्या आपोआप थांबल्या. "पोपट तुम्ही काढलात हे उत्तमच झालं, भाऊजी. त्याच्या चोचीत काय आहे?"

"चोचीत?"

"चोचीत."

भाऊजींनी मान वर केली. लांब जाऊन, डोळे बारीक करून पाहिलं असतं तर त्यांना उत्तर सापडलं असतं. हे त्यांनीच शिकवलं होतं. पण स्वतः काढलेलं चित्र पाहायला इतक्या लोकांदेखत मागे कसं जायचं? ते भिंतीच्या पायथ्याशीच उभे राहिले.

"मिरची," ते म्हणाले. "अर्थातच, मिरची."

"कसली मिरची!" म्हातारी बाकावरून उसळून म्हणाली. "सुई आहे ती!"

"सुईच," पलीकडचे गृहस्थ म्हणाले. "दोरासुद्धा लोंबतोय."

"काढणाऱ्यालाच माहीत नाही होय?" तिसरा म्हणाला. या खेपेला कोणी हसलं नाही, आणि ते हसण्याहून वाईट होतं.

भाऊजींची नजर खुर्च्यांवरून फिरत फिरत जिथे जायची तिथे गेली.

"दादा," ते म्हणाले. लहानपणी काच फुटल्यावर म्हणायचे त्याच आवाजात. "दादा, तू सांग ना यांना. तू तर माझं रेखाटन पाहिलं होतंस. मिरचीच होती ना?"

सगळं दालन दादांकडे वळलं. वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. एक शब्द, आणि पुन्हा पांघरूण. तो शब्द आला तर त्या घरी जातील, स्वयंपाक करतील, आणि यापुढे सुई हातात धरणार नाहीत, एवढं त्यांनी त्या क्षणात ठरवून टाकलं होतं.

दादांनी चष्मा काढला. खिशातून रुमाल काढून दोन्ही काचा सावकाश पुसल्या. पण तो परत लावला नाही. नुसत्या डोळ्यांनी ते भिंतीकडे बराच वेळ पाहत राहिले.

"सुई आहे," ते म्हणाले. "दोरा ओवलेला आहे." मग चष्मा खिशात ठेवत म्हणाले, "आणि शिवण हिची आहे. मी रोज पांघरतो, मला ओळखू येते."

त्यानंतर भाषणं झाली नाहीत. भाऊजी कधी निघून गेले ते कोणी पाहिलं नाही.

हॉस्पिटलने भिंत पुसली नाही. उलट तिथल्या नर्सेसना ती फार सोयीची पडली. थेंब टाकून थोडा वेळ झाला की त्या विचारतात, "आजोबा, पोपट दिसतोय का?" आजोबा हो म्हणाले की त्यांना आत घेतात. भिंतीच्या कोपऱ्यात भाऊजींच्या नावाची पितळी पाटी आहे. डॉक्टरीणबाईंनी वहिनींना बोलावून विचारलं, की पाटी बदलून तुमचं नाव घालू का.

"मुळीच नको," वहिनी म्हणाल्या. "नाव त्यांचंच राहू द्या. पोपट त्यांचाच आहे. मी आपली अनाम."

पुढे थंडी पडली. फोटो काढून झाल्यावर परत आलेले ते चारही भाग वहिनींनी जोडले, अस्तर लावलं, कडा दुमडून घेतल्या. पोपट पूर्ण झाला. मग त्यांनी कपाटातून एक जुनं वर्तमानपत्र काढलं. त्यात उद्घाटनाची बातमी होती आणि फोटोत भाऊजी पोपटाच्या बरोबर खाली उभे होते. दोन्ही नाकं एकाच दिशेला होती. फोटो वर येईल अशा बेताने वहिनींनी गोधडी त्या कागदात गुंडाळली, दोरी बांधली आणि गाठोडं दादांच्या हातात दिलं.

"एवढं भाऊजींना नेऊन द्या. फरशी फार गार पडते त्यांच्याकडे."

दादा दारापर्यंत गेले आणि वळले. "काय सांगू त्याला?"

"सांगा, पाहू नका, पांघरा," वहिनी म्हणाल्या. "आणि डोळे मिटा."